खाडीच्या मुखाशी: चौल ते विजयदुर्ग, पाच दिवस

पहिला दिवस: चौल आणि रेवदंडा

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला उतरलो, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सोबत माझा आतेभाऊ. आमच्या घरात सगळे त्याला दादाच म्हणतात. गाडी त्याची आणि वाटेचे टिपण माझे, अशी वाटणी आधीच झाली होती. कोकणचे किल्ले आम्ही दोघांनीही पूर्वी सुटे सुटे पाहिले होते. या वेळी मात्र किल्ल्यांपेक्षा खाड्यांच्या क्रमाने जायचे ठरवले होते, कारण नकाशा समोर पसरला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि वाघोटण या पाचही खाड्यांच्या मुखाशी किल्ला आहे, आणि काही ठिकाणी तर समोरासमोर दोन. घाटावरचा माल खाडीतून खाली येई आणि अरबस्तानातले घोडे त्याच खाडीतून वर जात. ज्याच्या हाती खाडीचे मुख, त्याच्या हाती जकात. निजामशाही, आदिलशाही, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, सिद्दी, मोगल, मराठे आणि इंग्रज हे सगळे या चिंचोळ्या पट्टीत तीन-साडेतीन शतके एकमेकांशी का झगडले, याचे उत्तर मला डोंगरावर न शोधता पाण्याच्या कडेला शोधायचे होते.

अलिबागेत कान्होजी आंग्रे यांच्या समाधीचे दर्शन घेऊन, न रेंगाळता, चौलला आलो. आज चौलला बंदर म्हणावे असे काहीच उरलेले नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा सावलीचा रस्ता, रामेश्वराचे देऊळ, त्याच्यासमोरची हिरव्या पाण्याची पुष्करणी आणि दुपारची शांतता. पण टॉलेमीच्या भूगोलात जे ‘सिमुल्ल’ येते ते हेच, आणि अरब प्रवाशांचे ‘सैमूर’ही हेच. बगदादचा अल-मसूदी दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे आला, तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहत असल्याचे तो नोंदवतो. त्यांच्यापैकी जे येथेच जन्मले त्यांना ‘बयासिरा’ म्हणत, हेही तो सांगतो. पुष्करणीच्या पायरीवर बसून मी ती नोंद दादाला वाचून दाखवली. ‘म्हणजे शिवाजी महाराजांच्या आधी सातशे वर्षे,’ एवढेच तो म्हणाला, आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

पुढे १४६९ च्या सुमारास त्वेर गावचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन याच बंदरात उतरला. त्याने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. चौलहून घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि तेथे बहामनी सरदार असदखानाने तो घोडाच काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत मिळेल, असे त्याला सांगण्यात आले. अखेर एका खुरासानी सरदाराने मध्यस्थी केली आणि निकितिनचा धर्मही वाचला, घोडाही. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. एका घोड्यापायी एवढे घडावे यात नवल नाही. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नसे, म्हणून तो समुद्रावरून आणावा लागे, आणि म्हणूनच दख्खनच्या प्रत्येक सुलतानाला एक तरी बंदर हवेच असे.

उन्हे उतरल्यावर रेवदंड्याच्या कोटात शिरलो. १५२० च्या दशकात निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी येथे गढी उभारली आणि तिच्याभोवती पुढे तटबंदीचे शहर वाढले. आता त्या तटातूनच गावाचा रस्ता जातो. आतल्या वाड्यांमध्ये चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्या कमानींतून माड वर आले आहेत. फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा तेवढा ताठ उभा आहे. गावात त्याला सातखणी म्हणतात.

तट ओलांडून किनाऱ्यावर गेलो. समोर कुंडलिकेचे मुख आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर होता. ओहोटी लागली होती आणि उथळ पाण्यात लाकडी खांबांची एक रांग हळूहळू उघडी पडत होती. जाळ्याला गाठी मारत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांना मी त्या खांबांविषयी विचारले. ‘डोलीचे खांब हायेत, पोरी,’ ते म्हणाले. ‘पाणी जितं जोरात वाहतं, तितंच लावायचे. जालं आपोआप भरतं.’ डोल म्हणजे पिशवीसारखे निमुळते जाळे. त्याचे रुंद तोंड दोन खांबांना बांधतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत जाते. मनगटाएवढ्या जाडीचे दोर, त्यांवर चिकटलेले कालवांचे पांढरे थर आणि पाण्याच्या रेषेखाली काळे पडलेले लाकूड मी जवळ जाऊन पाहिले.

ते खांब इतक्या जवळून पाहण्याचे कारण वेगळे होते. मार्च १५०८ मध्ये याच मुखाशी इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार आणि पोर्तुगीज आरमार यांची गाठ पडली. तांबड्या समुद्रातून जाणारा मिऱ्यांचा व्यापार पोर्तुगिजांनी अडवला होता आणि तो सोडवण्यासाठी ममलूकांचा सेनानी अमीर हुसेन सुएझकडून आला होता. त्याच्या मदतीला गुजरातच्या महमूद बेगड्याचा दीवचा सुभेदार मलिक अयाज आपली गलबते घेऊन आला. बंदर होते अहमदनगरच्या निजामशहाचे. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा बाहेर निसटू पाहत असताना त्याचे जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकले. तोफेच्या गोळ्याने पाय निकामी झाल्यावर तो डोलकाठीपाशी बसून लढाई चालवत राहिला आणि तेथेच पडला. हिंदी महासागरातला पोर्तुगिजांचा तो पहिला मोठा पराभव. लिस्बन, कैरो, अहमदाबाद आणि अहमदनगर यांच्या त्या झगड्यात हार-जीत ठरवणाऱ्या गोष्टींत एक होती कोणा चौलच्या कोळ्याने आपल्या पोटापाण्यासाठी रोवलेला खांब. त्या माणसाचे नाव कोणत्याही बखरीत नाही. या प्रवासात त्याची आठवण मला पुढे रोज होत राहिली.

दुसरा दिवस: कोर्लई आणि जंजिरा

सकाळी साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगराच्या कण्यावर हा किल्ला आहे. दीपगृहाच्या बाजूने चढण सोपी आहे. १५७०–७१ साली मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला सहा-सात महिने वेढा घातला, त्याच वेळी अली आदिलशहा गोव्यावर बसला होता, आणि तरीही दोघांना हात हलवत परतावे लागले. समुद्राकडून रसद येत राहिली तर जमिनीवरचा वेढा निरर्थक ठरतो, हे निजामशहाला पुरते कळले असावे, कारण १५९० नंतर बुऱ्हाण निजामशहाने थेट खाडीच्या मुखावर, या डोंगरावर, तोफा चढवायला सुरुवात केली. पोर्तुगिजांनाही त्याचा अर्थ तितकाच स्पष्ट कळला आणि १५९४ मध्ये त्यांनी मोठी फौज आणून तो किल्ला घेतला. वर आडव्या भिंती घालून किल्ल्याचे एकामागोमाग एक भाग पाडले आहेत. एका दरवाजातून शत्रू शिरला, तरी पुढचा दरवाजा लढवता यावा, अशी ती रचना आहे. माथ्यावर उभे राहिले की काल संध्याकाळी पाहिलेली खांबांची जागा थेट माऱ्याच्या टप्प्यात दिसते.

१७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी वसई घेतल्यावर उत्तरेतली पोर्तुगीज सत्ता कोलमडली आणि पुढच्याच वर्षी चौल व कोर्लई तहाने मराठ्यांकडे आले. आल्मेदांचे वारसदार निघून गेले. पण कोर्लई गावात पोर्तुगीज गेले नाहीत, निदान त्यांची भाषा गेली नाही.

किल्ल्याखालच्या वस्तीत माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. त्याच्या बाजूच्या गल्लीत एका ओट्यावर आजी सुकट निवडत बसल्या होत्या. नऊवारीसारखे लुगडे, गळ्यात क्रूस. आमच्याशी त्या स्वच्छ मराठीत बोलत होत्या, आणि आतून नातीने काही विचारले तसे त्यांनी जे उत्तर दिले, ते मराठी नव्हते, कोकणीही नव्हते. ‘ही आमची घरची भाषा,’ त्या म्हणाल्या. ‘नो लिंग.’ म्हणजेच ‘आमची भाषा’. पोर्तुगीज शिपाई आणि येथल्या ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या मिसळीतून ती घडली आणि आज हजारेक लोकच ती बोलतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीची. पोर्तुगिजांत मध्ये येणारे क्रियापद येथे आपल्यासारखे शेवटी जाऊन बसते. जवळजवळ पावणेतीनशे वर्षे लिस्बनशी संबंध तुटला, चारी बाजूंनी मराठी, आणि तरीही आजी नातीला त्याच भाषेत हाक मारतात. मी त्यांना म्हटले, ‘आजी, पोरांना ही शिकवत राहा.’ ‘शिकवायला कशाला लागतंय,’ त्या म्हणाल्या, ‘घरात बोललं की येते.’ मला मात्र काळजी वाटत राहिली, कारण गल्लीत खेळणारी मुले आपसात मराठीतच भांडत होती. किल्ल्यांच्या डागडुजीसाठी आपण जशी हाक देतो, तशी या भाषेसाठीही द्यायला हवी.

दुपारी राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो. शिडाच्या होडीतून जंजिऱ्याकडे जाताना तट जवळ येतो, पण दरवाजा अगदी शेवटपर्यंत दिसत नाही. येथे मुळात कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे चाच्यांपासून बचावासाठी लाकडी मेढी ठोकून केलेली गढी. निजामशाही सरदार पिरमखानाने ती कोळ्यांच्या राम पाटलाकडून कपटाने घेतली, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुऱ्हाणखानाने दगडी किल्ला बांधला. अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, याचे आपल्या तोंडी जंजिरा झाले. दरवाजावरच्या शिल्पात एका हिंस्र पशूने दात, पंजे आणि शेपूट यांत हत्ती पकडून ठेवले आहेत. मोठमोठ्या सत्तांच्या मध्ये टिकलेल्या सिद्दींच्या या चिमुकल्या राज्याला ते शोभते.

आतल्या कलालबांगडी तोफेपाशी गर्दी होती. आम्ही पश्चिमेच्या तटावर जाऊन बसलो. शिवाजी महाराजांनी या किल्ल्यासाठी आयुष्यभर प्रयत्न केले. १६७० च्या सुमारास फत्तेखान सिद्दी किल्ला द्यायला तयारही झाला होता, पण त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला कैद केले आणि औरंगजेबाचे आरमार म्हणून मोगलांकडे गेले. त्या एका फितुरीने, किंवा त्यांच्या बाजूने पाहिले तर त्या एका शहाणपणाने, सिद्दींना सुरतेचा पैसा आणि दिल्लीचा आधार मिळाला. १६८२ मध्ये संभाजीराजांनी किनाऱ्यापासून समुद्रात दगडांचा बांध घालायला घेतला, पण मोगल फौज उत्तर कोकणात उतरल्यामुळे मोहीम अर्धी सोडावी लागली. जंजिरा संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. तोवर सिद्दींचे निशाण तेथे होते.

उत्तरेकडे, कासा बेटावर, पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला उत्तर म्हणून महाराजांनी तो सिद्दीच्या डोळ्यांसमोर उभा केला. काही वर्षांपूर्वी मी तेथे गेले होते. लाटांच्या माऱ्याने तटाचे दगड आतून खात गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. मोहोर लावलेल्या सनदेपेक्षा त्या चुन्याच्या रेषेवर माझा अधिक विश्वास आहे. तो मळणाऱ्या हातांनी आपले काम पूर्ण निष्ठेने केले होते. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावणाऱ्या लाय पाटील कोळ्याची हकीकतही याच पाण्यातली. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, तेव्हा दर्यावर हिंडणाऱ्याला पालखी काय कामाची, असे तो म्हणाला आणि मग महाराजांनी ‘पालखी’ नावाचे गलबतच त्याला बांधून दिले, असे सांगतात. पहिला मेढेकोट कोळ्यांचा, तो घेणाऱ्यांच्या होड्या वल्हवणारेही त्याच किनाऱ्यावरचे आणि तो परत घेण्यासाठी शिड्या लावणारेही कोळीच.

तिसरा दिवस: सावित्री ओलांडून हर्णै

हा दिवस बहुतांशी जंगल जेट्ट्यांवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटींवर, गेला. आगरदांड्याहून दिघी, मग हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेश्वी. सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला आहे. आंग्र्यांचा हिम्मतगड आणि पुढे इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. तो इंग्रजांकडे कसा गेला, ते पाचव्या दिवशी येईलच.

हर्णैला चारच्या सुमारास पोहोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे घेऊन येथे आला आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याकडून सुवर्णदुर्ग घेतला. त्याच्यासोबत पेशव्यांचे आरमारही होते. मराठ्यांचा किल्ला मराठ्यांच्या सांगण्यावरून इंग्रजांनी जिंकला, हे वाक्य लिहितानाही हात जड होतो.

त्याच वाळूवर आता लिलाव चालू होता. होड्यांतून मासळीच्या पाट्या उतरत होत्या, बैलगाड्या पाण्यात चाकभर आत जाऊन माल घेत होत्या आणि सुरमई, पापलेट, कोळंबीच्या राशींभोवती बायकांची कडी पडली होती. एक मावशी पायाने पाटी सरकवून भाव पुकारत होती आणि दुसरी मानेनेच वाढवत होती. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज आहे, ‘लेलांव’पासून आलेला. चावी, बटाटा, काजू, पाव, घमेले, पगार, नाताळ हेही त्यांच्याकडूनच आलेले, आणि हापूस आंब्याचे नावही. आल्मेदा गेले, आंग्रे गेले, कमोडोर गेला, पण या मावशीच्या तोंडी तो शब्द इतका पक्का बसला आहे की तो परका आहे असे सांगितले तर तिला हसू येईल. मला मात्र ऐकताना कोर्लईच्या आजी आठवल्या. एकीकडे अख्खी भाषा उरली आणि दुसरीकडे एक शब्द.

चौथा दिवस: दाभोळ

वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ आता झोपलेले गाव वाटते. बहामनींचे, पुढे आदिलशहाचे हे मुख्य बंदर. येथून मक्केला यात्रेकरू निघत आणि होर्मूझचे घोडे येथे उतरत. मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेल्या फ्रान्सिस्को द आल्मेदाने दीवला जाण्यापूर्वी, १५०८ च्या अखेरच्या दिवसांत, हे शहर जाळले. चौलच्या लढाईशी दाभोळचा काहीही संबंध नव्हता. लहान-थोर कोणालाही त्याने सोडले नाही. महिनाभरानेच, फेब्रुवारी १५०९ मध्ये, त्याने दीवपाशी ममलूकांचे आरमार बुडवले, आणि त्यानंतर या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय गलबत हाकारणे धोक्याचे झाले. सुलतानांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पुढे आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक सुरू केले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. समुद्रावर परवाना मागण्याचा हक्क आधी पोर्तुगिजांनी गाजवला आणि पुढे इंग्रजांनीही. ज्यांचा हा किनारा होता, त्यांनी तो बजावला तर ती चाचेगिरी! हा अन्याय शब्दांतला आहे आणि आपल्याच पुस्तकांतही तो शब्द कधी कधी सापडतो, याचे मला फार वाईट वाटते.

खाडीकाठची सतराव्या शतकातली मशीद पाहिली. काळ्या दगडाची, वर मोठा घुमट आणि चार मिनार. हजला निघालेल्या विजापूरच्या राजघराण्यातील स्त्रीला समुद्रावरच्या धोक्यांमुळे पुढे जाता आले नाही आणि सोबतचा पैसा तिने येथे मशिदीत घातला, असे गावात सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या काळच्या समुद्राचे वर्णन ती बरोबर करते. जेट्टीने धोपाव्याला उतरून, अंजनवेलच्या गोपाळगडाला वळसा घालून, रात्री उशिरा रत्नागिरीला पोहोचलो.

पाचवा दिवस: विजयदुर्ग

शिलाहारांपासूनचा हा किल्ला. शिवाजी महाराजांनी तो वाढवला आणि आंग्र्यांनी त्याला आरमाराची राजधानी केले. तिहेरी तट, तिन्ही बाजूंनी पाणी आणि वाघोटणची खोल, वळणे घेत आत जाणारी खाडी, जिच्यात मोठी गलबते वादळापासून सुरक्षित राहत. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राखालीही एक भिंत असल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाहणीत आढळले आहे.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह येथे आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले. इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकून घेतले होते. त्याला आग लागली आणि एकमेकांना बांधून ठेवलेली गुराबे (मोठी लढाऊ जहाजे), गलबते एकामागून एक पेटत गेली. एका संध्याकाळी मराठी आरमाराचा सर्वांत बळकट भाग जळून गेला. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना दिली नाही. किल्लाही महिनोन्‌महिने सोडला नाही आणि ऑक्टोबरच्या तहात तो परत करताना बदल्यात बाणकोट ठेवून घेतला. तुळाजींनी पेशव्यांना जुमानले नव्हते हे खरे. त्यांचा जाच व्यापाऱ्यांना होत होता, हेही खरे. पण घरातले भांडण मिटवायला आपण खाडीचे मुखच परक्याच्या हाती दिले, आणि पुढे बासष्ट वर्षांनी, १८१८ मध्ये, सारे कोकण त्यांच्याकडे गेले.

दादा सबंध वेळ गप्प होता. पश्चिमेच्या बुरुजावर उभे असताना एवढेच म्हणाला, ‘पेशव्यांपैकी कोणी येथे उभे राहून समुद्र पाहिला असता तर?’

परतीला गिर्ये येथे खाडीच्या काठी आंग्र्यांची गोदी पाहिली. कातळ खोदून केलेली, शंभर मीटरहून लांब. तिच्या बाजूच्या भिंती अजून रेखीव आहेत. भरतीला गलबत आत घ्यायचे, तोंड बंद करायचे, पाणी काढायचे आणि बूड दुरुस्त करायचे, अशी ती सोय होती. आता तळाला गाळ आणि झुडपे आहेत. थोड्या अंतरावर दोन गाबीत भाऊ उपड्या होडीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासत होते. एक ठासत होता आणि दुसरा डब्यातले तेल बोटाने त्यावर ओढत होता. मी विचारले, होडी पाण्यात कधी जाणार. त्याने वर न पाहता सांगितले, ‘अमावास्येच्या भरतीक.’